सामाईक विहीर

ही गोष्ट दोन जागी चालते. अ म्हणजे गाव. सोनाळ्याच्या खाली, पूर्णेकडच्या खारपाण पट्ट्यातलं, जिथे जमिनीतलं पाणीच खारं. तिथे थोरला भाऊ उकंडराव राहतो. ब म्हणजे बुलढाणा. तिथे धाकटा वामन एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत सर्व्हर सांभाळतो. अ थांबला की ब ने तिथून पुढे सांगायचं. ब थांबला तर अ ने. दोघं एकदम थांबू नयेत, एवढीच व्यवस्था.

अ

सुभद्राबाईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे पोर झालं तेव्हा सुइणीने त्याला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण ठरल्याप्रमाणे तिथून गेली, "कोनाचं टाकलं वो हे," म्हणाली, आणि उचलून सुभद्राबाईच्याच ओटीत आणून घातलं. टाकलेल्या पोरावर कोणाची नजर पडत नाही. नाव ठेवलं उकंडा.

पुढे वामन झाला. त्याला कोणी उकिरड्यावर नेलं नाही. सुइणीने विचारलं तर सुभद्राबाई म्हणाली, "एक हाय ना आता. हा वरचा."

वरचा म्हणजे जास्तीचा. लागला तर असावा म्हणून.

ब

वामनला ही गोष्ट फार आवडायची. कचेरीत तो ती सांगायचा. "मी जन्मतःच स्टँडबाय," म्हणायचा. त्याचं कामही तेच होतं. एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहावा, आणि चिखलीच्या नाहीतर मेहकरच्या शाखेत काउंटरवर उभ्या माणसाला ते कळूही नये.

दोन सर्व्हर एकमेकांना सारखा ठोका देतात. आहेस का? आहे. ठोका यायचा थांबला की दुसऱ्याने समजायचं, आता आपण.

दोघा भावांचाही ठोका होता. संध्याकाळी भारनियमन संपून गावात लाईट आली की उकंडराव मोबाइलवर वामनला मिस कॉल द्यायचा. एकदा वाजवून बंद. म्हणजे, आहे. वामन परत एक द्यायचा. म्हणजे, मीही आहे. उचलायचा नाही, असं ठरलेलं. उचलला की पैसे जातात. पूर्ण वाजत राहिला तरच उचलायचा, आणि तसा तो कधी वाजत राहिला नव्हता.

अ

आणि शनिवारी पाण्याची कॅन.

वामन सातवीनंतर बुलढाण्याला शिकायला गेला, तेव्हा पहिल्या सुट्टीत म्हणाला होता, "दादा, तठचं पानी सपक लागते बे. पेल्लं तरी तहान जात नाही." त्या पाण्याने वरणाला चव येत नाही, चहा तर नावालाच चहा. उकंडरावाने ते मनावर घेतलं. सोनाळ्याहून बुलढाण्याला जाणारी एसटी फाट्यावर थांबते, ड्रायव्हर मोतीराम ओळखीचा. उकंडरावाने घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरलं, झाकणाखाली फडकं लावलं, आणि मोतीरामच्या सीटमागे ठेवून दिली.

तेव्हापासून चालू आहे. वामन शिकला, नोकरीला लागला, खोली बदलली, मोतीरामचे केस पिकले. कॅन गेली आणि रिकामी परत आली.

"खारं पानी हाय वो ते," मोतीराम म्हणायचा. "मानसं गोड पानी नेतात, तुम्ही खारं पाठवता."

"खारं हाय म्हून त टिकलो आपून," उकंडराव म्हणायचा. "लोणच्यावानी."

ब

पतसंस्थेने नवं यंत्र घेतलं. कपाटाएवढं, एकच. व्यवस्थापक भगवंतरावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि म्हणाले, "वामनराव, याचे आता दोन करा."

वामनने केले. यंत्राच्या आत न दिसणाऱ्या भिंती घालता येतात. इकडची मेमरी याची, तिकडची त्याची. एका यंत्राचे दोन सर्व्हर होतात, आणि दोघांनाही वाटतं की आपण स्वतंत्र आहोत. एकाला त्याने अ म्हटलं, दुसऱ्याला ब. मग भगवंतरावांना दुपारी बोलावलं आणि त्यांच्यासमोर अ बंद केला.

चिखलीहून एक नोंद येत होती. ती जराशी अडखळली आणि पुढे गेली.

"झालं?" भगवंतराव म्हणाले.

"झालं. अ पडला. त्याचा पत्ता ब ने उचलला. चिखलीच्या बाईंना अजून वाटतं की त्या अ शीच बोलून राह्यल्या."

"वा! म्हणजे माणूस बदलला, पत्ता तोच. शाब्बास. आता मंडळाला सांगतो की आपले दोन सर्व्हर—"

वामनने भिंतीवरचं मुख्य बटण खाली ओढलं. यंत्राचा आवाज वरून खाली उतरत आला आणि खोली एकदम शांत झाली.

"ओ! ओ! काय करून राह्यले तुम्ही?"

"दाखवून राह्यलो साहेब. आता दोन्ही मेले."

"अरे पण असं मुद्दाम कोन करतं बे?"

"मुद्दाम कोनीच नाही करत. उंदीर करते. वीज करते. पंखा जळते. दोन म्हणता म्हणता हा एकच होता. मधात भिंत घातली म्हणून घरं दोन नाही होत. पाया एक, छप्पर एक."

भगवंतराव खुर्चीत बसले. पक्के शेतकऱ्याच्या घरातले. "म्हणजे भावाभावांत वाटणी झाली, तरी सातबाऱ्यावर विहीर सामाईकच राहते, तसं?"

"तसंच. म्हणून मी काही बांधायच्या आधी एकच विचारतो, दोघांत सामाईक काय? जे सामाईक, ते गेलं की दोघं गेले. दुसरं यंत्र घ्या. ते इथं नका ठेवू, खामगावला ठेवा. तिथली लाईट वेगळी, तार वेगळी."

"सामाईक विहीर," भगवंतराव हसले. "मंडळाच्या टिपणात असंच लिहा बरं का. नाहीतर त्यांना कळायचं नाही. आणि ते बटण वर करा आधी, चिखलीची बाई बोंबलत असेल."

वामनने बटण वर केलं. यंत्र पुन्हा घुमू लागलं तोच त्याचा मोबाइल वाजला. दादाचा नंबर. वामन तो बंद व्हायची वाट बघत राहिला. भर दुपारची वेळ, दादा चुकला असेल.

फोन वाजत राहिला.

अ

"भाऊजी, यायचे पाय सुजले," उकंडरावाची बायको पुष्पाबाई फोनवर म्हणाली. "चप्पल चढत नाही. तोंडबी सुजलं. मी म्हनते चार दिवसांपासून, त हे म्हनतात बाळसं धरून राह्यलो. सोनाळ्याच्या डॉक्टरनं अकोल्याले न्याले सांगतलं."

मागून उकंडरावाचा आवाज आला, "कायले सांगून राह्यली त्याले? पैसे चालले ना!"

ब

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की उकंडरावाच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. एक नाही, दोन्ही.

वामनने खुळ्यासारखं विचारलं, "दोन्ही एकदम कशा जातील?" डॉक्टरांना तो प्रश्न रोजचा असावा. ते म्हणाले, "एकदम नाही, हळूहळू. पण दोन्ही बरोबरच जातात." आठवड्यातून दोनदा यंत्रावर रक्त धुवावं लागेल, आणि कोणी किडनी दिली तर मात्र पुढचं आयुष्य निघेल.

पुष्पाबाईचा रक्तगट वेगळा. सुभद्राबाईचं वय झालेलं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "वाम्या हाय ना. वरचा कायले ठेवला मंग?"

"माय," उकंडराव म्हणाला, "तुह्या तोंडाले काही कुलूप?"

"बराबर बोलून राह्यली माय," वामन म्हणाला. "माही घ्या."

तो इतका पटकन बोलला की त्यालाच हलकं वाटलं. आयुष्यभर ज्याची थट्टा केली, ते आता खरंच कामाला येणार होतं.

उकंडरावाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "तुही किडनी बसवली त मले कम्प्युटर येईन का बे?"

"येईन. पन मंग आंबील नाही पचनार."

"मंग नको," उकंडराव म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं. पुष्पाबाईने पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं की तो रडतो आहे.

अ

(ठोका. दवाखान्यातून परत आल्यावर. संध्याकाळी, लाईट आल्यावर.)

ब

(ठोका.)

वामनच्या तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, पोटाचा फोटो. रक्तगट जुळला. तो खूश होऊन डॉक्टरांसमोर बसला.

डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिले. "लघवीला त्रास होतो? थकवा?"

"नाही. का?"

"तुम्हाला देता येणार नाही. तुमच्या स्वतःच्याच निम्म्यावर आल्या आहेत. दोन्ही."

वामनने टेबलावरचे कागद आपल्याकडे ओढून घेतले.

"गाव एकच ना तुमचं? त्या पट्ट्यातून येणारे बरेच असे असतात. पाणी, असं आम्हाला वाटतं. अजून पक्कं कोणी सांगत नाही. पण तुम्ही ते पाणी प्यायचं थांबवा."

"मी तर लहानपणीच गाव सोडलं डॉक्टर. मी बुलढाण्याला असतो."

"मग तिथलंच पीत असाल."

वामन हो म्हणणार होता. म्हणता म्हणता त्याला डोळ्यांसमोर बुलढाण्याच्या खोलीतल्या स्टुलावर ठेवलेली कॅन दिसली. झाकणाखालचं फडकं दिसलं, ते वहिनीच्या जुन्या लुगड्याचं असायचं. दोघांत सामाईक काय, हा प्रश्न त्याने प्रत्येक सर्व्हरसमोर उभं राहून विचारला होता. दादाच्या खाटेपाशी उभा राहून "माही घ्या" म्हणताना विचारला नव्हता. खामगावला दुसरं यंत्र ठेवायचं, वेगळं गाव, वेगळं छप्पर, आणि वीज मात्र पहिल्याच घरातून ओढत न्यायची, असं कोणी केलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं.

"माझ्या भावाला हे सांगू नका," तो म्हणाला.

"तुमचं दुखणं तुमचं. मी सांगणार नाही. पण घरच्यांना पाण्याचं सांगा."

"सांगतो," वामन म्हणाला. "दादा असेपर्यंत नाही."

अ

"दादा, जुळत नाही आपलं."

उकंडराव खाटेवर बसला होता. त्याने पायावरचं पांघरूण नीट केलं. सूज होती तिथे बोटाचा खड्डा पडला, तो भरून यायची वाट बघत तो म्हणाला, "लहानपनापासून कुठी जुळलं होतं बे आपलं?"

सुभद्राबाई दारातून बघत होती. "असं कसं जुळत नाही? एका पोटचे हाय."

"रक्त जुळलं माय. दुसरंबी काही काही पाहतात."

"काय पाहतात?"

वामन तपासणीचे कागद पिशवीत घालू लागला. सुभद्राबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिने पुढे कधीच विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्या ताटात भाकरी टाकताना ती त्याच्याकडे बघायची नाही. राखून ठेवलेलं पोर वेळेला कामी आलं नव्हतं. घाबरून मागे सरलं, असंच तिला वाटलं असणार. वामनने वाटू दिलं.

"बरं झालं," उकंडराव म्हणाला. "तुह्या अंगात सुई टोचली असन फुकटची, तेवढंच वाईट वाटते. सुकून गेला तू. पानी येते ना बराबर? मोतीराम देते का कॅन?"

"देते."

"मले त आता मोजून पेलाभर देतात. माह्या वाटचंबी तूच पे. या शनिवारी पुष्पाले मोठी कॅन भराले लावतो."

ब

शनिवारी मोठी कॅन आली.

वामनने ती खोलीवर नेली आणि संध्याकाळी अंगणातल्या जास्वंदीला ओतली. पुढच्या शनिवारी तेच. कॅन थांबवायची तर कारण सांगावं लागलं असतं. दादा विचारणार, काऊन? आणि दादाला एका शब्दावरून सगळं कळायचं. आपण इतकी वर्षं मोतीरामच्या सीटमागे काय ठेवत होतो, हे त्याला कळलं असतं. किडन्या गेल्या ते तो सोसत होता. हे त्याच्याने सोसवलं नसतं.

घरमालकीण कौशल्याबाईंनी एक दिवस विचारलं, "वामनराव, काय टाकता हो झाडाला? पानांच्या कडा करपल्या सगळ्या."

"पाणी टाकतो."

"पाण्यानं कुठं झाड जळतं का?"

बुडाशी माती पांढरी पडली होती. वामनने ती बुटाने उलटसुलट केली.

एकदा त्याने पेलाभर पाणी ओतायच्या आधी काढून घेतलं, आणि प्यायलं. मग चहा केला. चांगला झाला.

अ

(ठोका.)

ब

(ठोका.)

खामगावच्या शाखेत दुसरं यंत्र बसलं. मंडळाला सामाईक विहीर लगेच कळली होती. वामनने आता अ आणि ब वेगळे केले. बुलढाण्याच्या यंत्रात अ, खामगावच्या यंत्रात ब. प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिली जाईल. मधली तार तुटली तर दोघांनाही वाटू नये की दुसरा मेला, म्हणून शेगावला एक लहानसा साक्षीदार सर्व्हर ठेवला. कोण जिवंत, ते त्याने सांगायचं. ज्याला साक्षीदार दिसत नाही, त्याने गप्प बसायचं.

चाचणीच्या दिवशी भगवंतरावांनी हौसेने मुख्य बटण स्वतः ओढलं. बुलढाण्याचं यंत्र निजलं. चिखलीची नोंद अडखळली आणि पुढे गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बोला वामनराव, आता दोघांत सामाईक काय?"

"काही नाही साहेब."

"आहे की! तुम्ही. इथलंही तुम्हालाच कळतं, तिथलंही तुम्हालाच. तुम्हाला काही झालं म्हणजे?" ते मोठ्याने हसले आणि त्यांनी वामनच्या पाठीवर थाप मारली. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"एक पोरगा शिकवून ठेवतो," वामन म्हणाला.

अ

त्या दिवशी रक्त धुवायला अकोल्याला जायचं होतं. उकंडरावाला धोतर बदलून दिलं, पुष्पाबाईने डबा बांधला. फाट्यापर्यंत बैलगाडी सांगितली होती. अंगणात आल्यावर त्याने रांजणाकडे पाहिलं आणि विचारलं, "आज शनिवार ना? कॅन भरली का?" पुष्पाबाई हो म्हणाली. तो दोन पावलं चालला, ओट्याला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, "थांब, मले जरा

ब

टेकू दे," एवढंच म्हणाला होता. पुष्पाबाईने नंतर सांगितलं. ओट्यावर टेकला आणि तिथेच गेला. बैलगाडी आली तेव्हा तिच्यात चढवायची कॅन ओट्यापाशी भरून ठेवलेली होती.

वामन मातीला पोचला. पाणी पाजायची वेळ आली तेव्हा सुभद्राबाईने रांजणातून तांब्या भरून त्याच्या हातात दिला. त्याने दादाच्या तोंडात ते पाणी घातलं. दुसरं पाणी घरात नव्हतं.

अ



ब

तेरावं करून वामन बुलढाण्याला परतला. संध्याकाळी तो मोबाइल समोर ठेवून बसायचा. तिकडे लाईट आली असेल, असं वाटायचं. ठोका आला नाही की दुसऱ्याने समजायचं, आता आपण. आता आपण म्हणजे काय करायचं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. वहिनीला पाण्याचं सांगायचं होतं. मायला सांगायचं होतं. तेराव्याच्या गर्दीत राहून गेलं, असं तो स्वतःशी म्हणायचा. दादा असेपर्यंत नाही, म्हणाला होता. आता दादा नव्हता, आणि तरी जीभ उचलत नव्हती.

शनिवारी तो सवयीने स्टँडवर गेला. मोतीराम खाली उतरला, टोपी काढली, आणि सीटमागून कॅन काढून दिली. झाकणाखाली नवं फडकं होतं.

अ

घरात लाईट आली. पुष्पाबाईने कोनाड्यातला मोबाइल घेतला. तिला नंबर लावता येत नव्हता, पण हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो, हे तिने नवऱ्याचं बघून ठेवलं होतं. शेवटचा नंबर एकच असायचा. एकदा वाजला की लाल बटण दाबायचं.

ब

मोबाइल वाजला. पडद्यावर 'दादा' आलं.

नंबर तोच. वामनला ठाऊक होतं की पलीकडे कोण आहे. असं कसं होतं, माणूस गेल्यावर त्याचा पत्ता दुसरं कोणी कसं उचलतं, ते त्यानेच सगळ्या कचेरीला समजावून सांगितलं होतं. तरी नाव बघून त्याला राहवलं नाही. आवाज थांबायच्या आत त्याने बोट पुढे केलं आणि फोन उचलला.

"अगं बाई," पुष्पाबाई दचकली. "उचलला काऊन भाऊजी? मी नुस्ता ठोका देऊन राह्यली होती. हे देत ना. म्हटलं, तुम्ही वाट पाहत असान."

"वहिनी."

"कॅन भेटली का?"

"भेटली."

"हे म्हनत, वाम्याले तठचं पानी बाधत नाही, पन रुचत नाही. म्हून पाठवली. आता मी पाठवत जाईन."

"नका पाठवू, वहिनी."

पलीकडे मागे कुठेतरी दादाची पोरगी पाढे म्हणत होती, आणि रांजणावर तांब्या वाजला.

"काही चुकलं का माह्यं?"

"तुमचं नाही. ते पानी चांगलं नाही, वहिनी. दादाले त्यानंच... मले डॉक्टरनं सांगतलं. माह्याबी दोन्ही निम्म्या गेल्या. म्हून देता नाही आली. दादाले सांगू नाही शकलो मी. तुम्ही पिऊ नका. मायले देऊ नका. पोरीले त अजिबात नका देऊ."

मग तिने फोन तोंडापासून दूर न नेता हाक मारली, "ठेव तो तांब्या खाली." पाढे थांबले.

"ठेवला तिनं," ती म्हणाली. "मंग आता काय प्यावं, भाऊजी?"

वामनच्या खोलीत स्टुलावर कॅन होती. कोपऱ्यात नळाच्या सपक पाण्याचा माठ होता. खामगावला एक यंत्र होतं, शेगावला एक साक्षीदार होता, आणि गावात एक विहीर होती.

"भाऊजी? आहात का?"

"आहो," वामन म्हणाला. "आहो, वहिनी."